ब्रेकवरच्या तीन खाचा

जालना एमआयडीसी,
घटस्थापनेचा दुसरा दिवस

प्रिय तृप्ती,

आधी यादी देतो. यादी दिली की माझं डोकं जागेवर राहतं. माझ्या हातानं केलेलं: मासे धरायच्या काठीचं एक रीळ, वजन नऊशे चाळीस ग्रॅम, ॲल्युमिनियमच्या गोल बारमधून कापलेलं, अंगाला जोड कुठेच नाही. त्याचा ड्रम, आस आणि मूठ. आतली गिअरची जोडी, स्टेनलेसची, एकाला चौदा दात आणि दुसऱ्याला एकोणपन्नास, म्हणजे मूठ एकदा फिरवली की ड्रम साडेतीन वेळा फिरतो. ब्रेकच्या सात चकत्या. काठीचं तळाचं एक कडं. मांडीवर बांधायची पाटी, चामडं कुंभार पिंपळगावच्या बाजारातलं, शिवण माझी. बिनकाट्याचे गळ सहा. त्यातले दोन ताणून बघताना वाकले, म्हणजे चार. जे मी केलेलं नाही तेही लिहितो, नाहीतर तू म्हणशील अण्णा फुशारकी मारतात. काठीची नळी विकतची, दोरी विकतची, बेअरिंग विकतची. बाकी सगळं या दोन हातांचं आणि नववी नापास डोक्याचं.

तुझा फोन आला तो मार्चच्या नऊ तारखेचा रविवार होता. आईच्या फोनवर नाही, माझ्या फोनवर, सोळा महिन्यांनी. मी लेथवर होतो. नाव दिसलं आणि मशीन बंद करायचं सोडून मी हातातलं कापड खाली टाकलं. तू खुशाली विचारली नाहीस, मीही नाही. तू म्हणालीस, “अण्णा, रिळाचे दात गेले. आख्खे. भुगा झालाय आत.” आणि मंग तो मासा सांगितलास. तू शिकवतेस त्या कोकणातल्या शाळेच्या मागचा, समुद्रात गेलेला कातळ, त्याच्या टोकाला खाली असलेली कपार, त्या कपारीत राहणारा गोबरा. तीन वेळा त्यानं गळ धरला, तीनही वेळा कपारीत शिरला. तिसऱ्या वेळेला दात गेले आणि तू गुडघ्यावर पडलीस, पाण्यापासून चार फुटांवर. हे शेवटचं तू पटकन बोलून टाकलंस, मी ऐकू नये असं. मी ऐकलं. फोन ठेवल्यावर रिळाचे दात माझ्या डोक्यात राहिले नाहीत, ते चार फूट राहिले.

इकडे तुझ्या आईला मी म्हटलं, पोरीचा फोन आल्ता. ती म्हणाली, “मासा कोणाचा का असंना, देव त्याचं भलं करो.”

मला त्या माशाबद्दल जे कुतूहल लागलं ते अजून गेलेलं नाही. मी समुद्र पाहिलेला नाही हे तुला माहीत आहे. मला पाणी माहीत आहे ते गोदावरीचं, आणि मासा माहीत आहे तो मरळ. तू आठ वर्षांची होतीस तेव्हा सायकलच्या तारेचा गळ मी घासून करून द्यायचो आणि तू काठावर दोन-दोन तास न बोलता बसायचीस. मरळ गळाला लागली की चिखलाकडं पळते, पण तिला ओढून आणता येते, बांबू वाकतो आणि काम होतं. तुमच्याकडचा हा गोबरा पळतच नाही म्हणतेस. तो घरात जातो आणि दार लावून घेतो. पंख आणि गालफडं फुगवून कपारीत असा बसतो की दोरी तुटेल पण तो निघणार नाही. मला हे फार आवडलं. पळणाऱ्याला थकवता येतं, घरात बसलेल्याला काय करणार?

म्हणून मी तेवीस प्रश्न लिहून काढले आणि तुला दर रविवारी दोन-दोन विचारले. तू हसायचीस. पण सामान निवडायचं म्हणजे दुकानात जाऊन सगळ्यात जाड ते उचलायचं नसतं. मासा किती मोठा, हे मी विचारलं तर तू म्हणालीस दिसलाच नाही. मंग मी विचारलं, त्यानं केलं काय? गळ धरल्यापासून कपारीत जाईपर्यंत किती वेळ? तू तोंडानं मोजून दाखवलंस, “एक, दोन, गेला.” तिथंच मला कळलं की आपल्याला दोनशे मीटर दोरी घेऊन पळणाऱ्या माशाचं रीळ नको. आपल्याला पहिली दोन सेकंदं पाहिजेत. त्यासाठी गिअर हळू पण जोरकस, दोरी चाळीस किलोची, तिच्या पुढं दगडावर घासला तरी टिकेल असा तीन हात लांबीचा जाड नायलॉन. काठीचंही तसंच. लांब काठीनं गळ दूर जातो, पण तीच काठी माशाच्या हातातली पहार होते. टोकाला दहा किलो ओढ असेल तर तुझ्या डाव्या हाताला पंचवीस किलो येते, हे मी कागदावर काढलं आणि मंग गाळ्यात गोणी टांगून खरं करून पाहिलं. आखूड काठी तुझ्या हाताला बरी, पण तुझ्या कातळाची कड अडीच फूट पुढं आलेली, दोरी घासणार. म्हणून नऊ फूट दोन इंच. हे दोन इंच दुकानदार देत नाही. ते तुझ्या कातळाचे आहेत.

समुद्र मी बादलीत केला. एक लिटर पाण्याला पस्तीस ग्रॅम मीठ, ढवळून. त्यात पहिलं रीळ बुडवून ठेवलं. रोलिंग मिलमधली जुनी सवय, म्हणून त्याची आस साध्या लोखंडाची केली होती. अकराव्या दिवशी ती गंजून जाम. दुसऱ्याला स्टेनलेस लावली, बादलीत चाळीस दिवस ठेवलं, काही झालं नाही. तुझी आई त्या बादलीत चुकून कपडे भिजवायला निघाली होती तो किस्सा तिच्याकडून ऐक, मी सांगितला तर माझी बाजू येईल.

पुखराजजींचा अडथळा तुला सांगितला नव्हता. गाळा त्यांचा, भाड्यानं मी आहे, बारा वर्षांत एकदाही वाकडा शब्द नाही. मे महिन्यात ते आले, रीळ हातात घेतलं, फिरवलं, खूश झाले. विचारलं, कशाचं? मी खोटं बोललो नाही. त्यांनी ते हळूच खाली ठेवलं आणि हात रुमालाला पुसले. म्हणाले, “कडूबाजी, भाडा मत दो, चलेगा. पर मेरे गाळे में जीव मारने का सामान नहीं बनेगा.” जैन माणूस, त्यांचं बराबर आहे. मी लेथ झाकून ठेवला. चार दिवस काम बंद. पाचव्या दिवशी ते स्वतःच आले आणि दारातूनच विचारलं, पकडल्यावर मुलगी त्याचं करते काय? मी तुला विचारलं, तू म्हणालीस, मापून, फोटो काढून सोडणार, अण्णा, एवढा जुना मासा आहे, त्याला खायचं कसं? हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी रीळ पुन्हा हातात घेतलं. मंग म्हणाले की सोडणार असेल तर गळाला उलटा काटा कशाला पाहिजे? म्हणून ते गळ बिनकाट्याचे आहेत. तो शोध माझा नाही, त्यांचा आहे. तेव्हापासून रोज येऊन विचारतात, “ब्रेक का क्या हुआ?”

दोरी धरणाऱ्या आणि सोडणाऱ्या त्या ब्रेकचंच सांगायचं आहे. इथं माझी चूक झाली आणि ती मी लिहून ठेवतो, कारण चूक लिहून ठेवली नाही तर ती पुन्हा होते. मी अठरा वर्षं रोलिंग मिलमध्ये काढली. तिथं ब्रेक म्हणजे थांबवणं. लालबुंद सळई पुढं निघाली आणि ब्रेक लागला नाही तर माणूस जातो. म्हणून मी विचार केला, दोरी चाळीस किलोची, तर ब्रेक तीस किलोचा करू, हलायलाच नको. केला. बबलू टेम्पोवाल्याची मोटरसायकल गाळ्यासमोर लावली, तिला दोरी बांधली. ओला कातळ इथं कुठून आणायचा, म्हणून लोखंडी पत्रा टाकला, त्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि काठी धरून मी उभा राहिलो. बबलूनं पहिला गिअर टाकला. काठी वाकली. ब्रेक हलला नाही. मी हललो. पत्र्यावरून निघालो तो थेट मुरमावर, हनुवटीवर. पुखराजजी दारात उभे होते, ते म्हणाले, “लो, पकडे गए.” घरी तुझ्या आईनं हळद लावता लावता ऐकवलं, “मासा कोन आन गळ कोन, ते आधी ठरवून घ्या. मंग खेळा.” हनुवटीचं काही नाही, पण मला तुझे गुडघे दिसले. त्या रात्री मी तो तीस किलोचा ब्रेक खोलून ठेवला.

मासा किती ओढतो यावर ब्रेक ठरत नाही. धरणारा पाय कुठं सुटतात यावर ठरतो. ही एवढी साधी गोष्ट शिकायला मला हनुवटी लागली. मंग मी पत्र्यावर पुन्हा उभा राहिलो, मधे स्प्रिंगचा काटा लावला आणि बबलूला सांगितलं सावकाश. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो, पाय चौदा किलोला सुटले. तीनदा केलं, तीनदा चौदा. म्हणजे हिशोब सोपा, वजनाला साडेपाचनं भागायचं. त्याच्या खाली ब्रेक सुटला पाहिजे, सुटताना झटका न देता. मोटरसायकलच्या क्लचच्या चकत्या वापरल्या तर आधी चिकटतात आणि मंग एकदम सुटतात. कार्बनच्या कापडाच्या केल्या, त्या तुपासारख्या सरकतात. ब्रेकच्या दांडीवर मी तुझ्यासाठी खाच पाडायचं ठरवलं. दांडी त्या खाचेपर्यंतच ढकलायची, पुढं नाही. गोबरा कितीही मोठा असो, तो तुला हलवायच्या आधी ब्रेक हलेल. आणि म्हणून मला तुझं वजन पाहिजे होतं.

जूनमध्ये तू शाळेत मुलांना मोजायच्या काट्यावर उभी राहून सांगितलंस, एकोणपन्नास. मी खाच पाडली, पावणेनऊ किलोला. जुलैमध्ये चकत्या बदलल्या म्हणून पुन्हा विचारलं. एक्कावन्न. मी म्हटलं, पावसाळ्यात कोकणात भूक लागत असेल, आणि दुसरी खाच पाडली. सप्टेंबरमध्ये शेवटचं म्हणून विचारलं तर चोपन्न. मी आकडा पुन्हा विचारला आणि तू घाईनं म्हणालीस, “काटा बिघडलाय हो अण्णा, शाळेचा काटा तो.” तृप्ती, तुला तुझा बाप माहीत आहे. बिघडलेल्या काट्यावर मी खाच पाडेन का? मी सांगितलं, पाच लिटरचा कॅन पाण्यानं भर आणि ठेव त्यावर. तू ठेवलास आणि जो आकडा आला तो सांगितलास. पाच किलो दोनशे. कॅनचे दोनशे, पाण्याचे पाच. तू खोटा आकडा सांगू शकली असतीस, पण ती सवय मी तुला लावलेली नाही. काटा बिलकुल ठीक होता. फोनवर आपण दोघंही मंग पावसाचं बोललो.

त्याच्या आधी ऑगस्टमध्ये तू एक विचारलं होतंस. काठीचा बुंधा टेकवायला लोक पोटावर पट्टा बांधतात, तो चित्रात बघून मी तसाच कापायला घेतला होता. तू म्हणालीस, पोटावर टेकणार नाही असं काही करता येईल का? मी विचारलं का? तू म्हणालीस, असंच. मी मांडीवरची पाटी केली, आणि ती बनवताना दोन दिवस विचार करत राहिलो की पोटावर का नको. कारागीर म्हणून विचार करत होतो, शपथ. पोटावर टेकवलं की ताकद जास्त लावता येते, पाठीला आधार मिळतो, सगळी दुनिया पोटावरच बांधते. चोपन्न आकडा आला त्या संध्याकाळी मी तिसरी खाच पाडली, पाटी हातात घेतली, तिन्ही खाचा पाहिल्या, आणि मला कळलं. तुझ्या आईला मी सांगायला गेलो. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, “जुलैतच कळलंय मला. ती बोलून राह्यली न्हाई, मंग म्या कशाला बोलू?” तिला एकाही आकड्याची गरज पडली नाही. मला तीन लागले.

आता तुझी आणि माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी तू फोन केलास तेव्हा दुसरा महिना लागला होता. तू म्हणाली होतीस, अण्णा, अजून कोणाला सांगू नका. मी त्याच दुपारी दोन किलो पेढे आणले. गाळ्यांच्या ओळीत वाटले, गल्लीत वाटले, पुखराजजींच्या घरी प्रेमबाईंच्या हातात स्वतः दिले. चाळीस माणसं. चोवीस दिवसांनी जावईबापूंचा, राधेश्यामरावांचा फोन आला की गेलं. ती बातमी मी कोणालाच सांगितली नाही. पहिली चाळीस जणांना, दुसरी एकालाही नाही. मला वाटलं, न सांगितली की ती झालीच नाही. मंग तू दिवाळीला आलीस आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी प्रेमबाई मिठाईचं ताट घेऊन आल्या. बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांनी तुझ्या पोटाकडं बघून हौसेनं विचारलं, “कितवा महिना, बेटा?” तू त्यांना नीट उत्तर दिलंस. मंग माझ्याकडं वळून एवढंच म्हणालीस, “अण्णा, तुम्हाला थांबता येत न्हाई का?” भाऊबीजेची वाट न बघता पाडव्यालाच सकाळच्या गाडीनं गेलीस. मी तेव्हा मनात म्हटलं, यात माझी काय चूक, बाप आहे, आनंद झाला. आज तसं म्हणत नाही. चूक माझी होती, दोन्ही वेळेची, आणि दुसरी मोठी.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही आणि मी रोज लेथवर तिचा विचार करतो. तू खरंच या हंगामात कातळावर जाणार होतीस, की मी कामात राहावं, रविवारचा फोन चालू राहावा, म्हणून प्रश्नांना उत्तरं देत राहिलीस? दिवस गेलेले असताना तू घसरत्या दगडावर उभी राहशील एवढी तू वेडी नाहीस. मंग पाटी कशाला सांगितलीस? कदाचित तुलाच कळवायचं होतं आणि तोंडानं नको होतं. उत्तर देऊ नकोस. मला कुतूहल आवडतं, आणि हे एक मला ठेवून घ्यायचं आहे.

हे पत्र का, तर फोनवर मी चुकीच्या जागी थांबतो किंवा चुकीच्या जागी थांबत नाही, म्हणून. आम्हाला माहीत आहे. कोणाला सांगितलेलं नाही, आणि घरात आम्ही दोघंही त्या एका संध्याकाळनंतर त्यावर बोललेलो नाही. पेढे आणणार नाही. देव करो सगळं नीट होवो. पण काहीही झालं तरी या वेळी गल्लीला जे सांगायचं ते मी सांगेन, चांगलं असो की वाईट, तुझ्या तोंडावर येऊन कोणी विचारणार नाही. तू हवं तेव्हा बोल, हवं तेव्हा ये, नाही आलीस तरी रविवारी फोन कर. माशाचं बोलू. मला अजून विचारायचं आहे की उधाणाला तो कपार सोडतो का. सामान पाठवत नाही. ते गाळ्यात खुंटीला टांगलंय, कापडात गुंडाळून, ब्रेक ढिला करून. काम नसताना ब्रेक आवळून ठेवला तर चकत्या दबून बसतात आणि ऐन वेळेला झटका देतात. दर पंधरा दिवसांनी मी एकदा फिरवून बघत जाईन. दांडीवर तीन खाचा आहेत आणि चौथीला जागा सोडली आहे. तू परत कातळावर जाशील त्या वर्षीचं वजन सांग, ती पाडून मी स्वतः घेऊन येईन, तेवढ्यात समुद्रही बघेन. बबलूनं माझ्या घसरण्याचा व्हिडिओ कुठं कुठं टाकला होता, तो बघून परवा पुण्याहून मासेमारीच्या सामानाचा एक व्यापारी गाडी घेऊन गाळ्यात आला. तासभर रीळ फिरवलं, ब्रेक ओढून पाहिला, खाचांवर बोट फिरवून विचारलं या कशाच्या, मी सांगितलं मापाच्या. म्हणाला, काका, हेच द्या, आजच, मुलीसाठी सावकाश दुसरं करा. टेबलावर पाकीट ठेवलं. मी ते त्याच्याकडं परत सरकवलं. एक लाख पंच्याऐंशी हजार होते.

तुझाच,
अण्णा